सामानाचे कप्पे

“कूस कशी बदलायची हो बाई, एवढ्याशा फळीवर?”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाका उकिडवे बसले होते. कानावर पेन्सिल, ओठांत दोन खिळे. शब्द खिळ्यांच्या फटीतून चपटे होऊन बाहेर येत होते. त्यांच्यासमोर मी पडलो होतो. खरं तर मी अजून मी झालोच नव्हतो. एका मोडक्या कपाटाची पाठ, प्लायवूडचे चार तुकडे आणि कुठल्याशा बाकाचा सेवानिवृत्त पाय, एवढंच माझं भांडवल.

इतिहासाच्या बाई शेजारी उभ्या होत्या. तेव्हा त्या तरुण होत्या. बोटांना कायम खडू लागलेला, आणि बोलण्याच्या भरात टाचा उचलायची सवय.

“साधी माणसं होती ती, काका,” बाई म्हणाल्या. “मिळेल तिथं अंग टाकायची. जिवावर बेतलेलं असताना कूस बदलायचं कुणाला सुचतं?”

काकांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. एकदा फळीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं, आणि खिळे पुन्हा ओठांत ठेवून दिले. शिकल्यासवरल्या माणसापुढं हातकाम करणारा माणूस पुष्कळदा असंच करतो. पण मला आजही वाटतं, त्यांनी ते खिळे आणखी थोडा वेळ हातातच ठेवायला हवे होते. एक प्रश्न अजून विचारायला हवा होता.

मग त्यांनी रंधा उचलला. रंधा मारताना ते आपल्याशीच गुणगुणायचे:

फळी गं फळी बाई, रंधा फिरतो अंगावरी
जसा मायेचा गं हात, लेकराच्या केसांवरी

त्या हाताखाली मी घडलो. म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझ्यात जे खोटं शिरलं ते दुष्ट हातांनी शिरलं नाही. चांगल्या, मायेच्या, जरा घाईतल्या हातांनी शिरलं. आणि असं खोटं उपसून काढायला फार वर्षं लागतात.

तर मी आहे सातवीच्या इतिहासाचा एक लाकडी देखावा. लांबी सहा फूट, उंची चार. कलिंगडाची फोड काढावी तशी माझी पुढची बाजू उघडी आहे. आत जमिनीखालची भुयारं दिसतात, एकाखाली एक तीन मजले. अरुंद बोळ, आणि बोळांच्या दोन्ही भिंतींत एकावर एक कोरलेले कप्पे. रोम शहराबाहेर अशी भुयारं खरोखरीच आहेत, मैलोन् मैल. फार पूर्वीच्या, पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनीही ती खणली. त्यांची गोष्ट मुलांना शिकवायची म्हणून बाईंनी मला करून घेतलं.

आणि ती गोष्ट बाई सांगायच्याही अशी, की मागच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा ताठ बसायचा. मोठं थोरलं साम्राज्य. त्याच्या एका कोपऱ्यात एक साधा माणूस लोकांना सांगत फिरतो, की गरिबाला जवळ करा, शत्रूलाही माफ करा. त्याला क्रुसावर चढवून मारतात. गोष्ट संपली असं राज्यकर्त्यांना वाटतं. पण त्याचे मूठभर अनुयायी म्हणतात, तो मेला नाही, तो उठला. हेच सांगत ते गावोगाव निघतात. साम्राज्यानं सैन्यासाठी बांधलेल्या रस्त्यांवरून हे लोक पायी चालतात, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून जातात, दूरच्या मंडळींना पत्रं लिहितात. त्यांच्या बैठकीत मालक नि गुलाम एका मेजाशी बसतात. सम्राटाच्या मूर्तीपुढं धूप जाळायला ते नाही म्हणतात, म्हणून कधी इथं, कधी तिथं त्यांचा छळ होतो. आणि तीनशे वर्षांनी एक सम्राटच म्हणतो, यांना यांच्या मार्गानं जाऊ द्या.

बाईंनी हे पहिल्यांदा शेडमध्ये सुतारकाकांना सांगितलं, तेव्हा काकांनी विचारलं, “तो सांगत फिरणारा माणूस मुळात काय काम करायचा?”

“सुतारकाम, असं म्हणतात.”

“म्हणजे आमच्याच धंद्यातले की!” काका खूश झाले, आणि त्या दिवशी त्यांनी माझ्या कडांना दोनदा पॉलिश पेपर मारला.

चूक कुठं झाली तेही सांगतो. बाईंकडे एका जुन्या पुस्तकाचं सुटं पान होतं. त्यावर भुयाराचं चित्र होतं, रेघारेघांचं, मोठं सुबक. चित्राखालचा मजकूर मात्र फाटून गेला होता. फाटलेल्या जागी बाईंनी आपला अंदाज भरला. छळ होत होता, म्हणजे लपत असणार. लपत असणार, म्हणजे खालीच राहत असणार. राहत असणार, म्हणजे झोपतही असणार. तेव्हा हे कप्पे म्हणजे त्यांचे बिछाने. एकेक पायरी खरी वाटत गेली आणि जिना भलत्याच ठिकाणी उतरला.

“आणि हे बारके कप्पे?” काकांनी चित्रावर पेन्सिल टेकवली. मोठ्या कप्प्यांच्या मधे मधे हातभर लांबीचे पुष्कळ कप्पे होते.

“ते सामानाचे,” बाई म्हणाल्या.

मग सातवीच्या वर्गानं माझा संसार थाटला. वीतभर काड्यांना चिंध्या गुंडाळून चाळीस माणसं केली. कुणी आईचा जुना रुमाल आणला, कुणी फाटका सदरा. त्यांची चाळीस पांघरुणं झाली. मोठ्या कप्प्यांत माणसं निजवली, गळ्यापर्यंत पांघरूण ओढून. छोट्या कप्प्यांत कागदाची बोचकी आणि शाडूची इवली मडकी. काय सांगू मित्रांनो, इतकं प्रेमानं भरलेलं पोट घेऊन मी उभा होतो, की मला स्वतःचाच हेवा वाटे.

त्या वर्गात एक मुलगी होती. सुतारकाका तिला मापारीण म्हणत. फळी किती लांब हे ती नुसतं पाहून सांगायची, आणि काकांनी टेप लावला की बोटभराचाही फरक निघायचा नाही. “कुठं शिकलीस गं हे?” काकांनी विचारलं तर म्हणाली, “बाबांबरोबर.” बाबा काय करतात, ते तिनं सांगितलं नाही. वर्गाला ते ठाऊक होतं. तिचे वडील गावाबाहेरच्या दफनभूमीत कबरी खणायचे. पोरं तिच्या डब्यातलं खात नसत, पण कारण कुणी बोलत नसे.

माझ्यात माणसं निजवायचं काम चाललं होतं तेव्हा ती दोनदा माझ्यासमोर येऊन थांबली. वीत टाकून तिनं एक बारका कप्पा मोजला. मग हात मागं घेतला आणि पाठीमागं लपवला, जणू काही चोरलं होतं.

पुढं शाळाशाळांचं प्रदर्शन भरलं. मला टेंपोत घालून एका मोठ्या सभागृहात नेलं. परीक्षक म्हणून पांढऱ्या भुवयांचे एक गृहस्थ आले. वर्गप्रमुख माहिती सांगत होता, घोकलेली, खडखडीत. मापारणीच्या हातात बॅटरी होती. तो ज्या मजल्याचं नाव घेईल त्यावर तिनं उजेड टाकायचा. बाई मागं उभ्या होत्या, टाचा उचलून.

“आणि हे छोटे कप्पे कशाचे?” परीक्षकांनी विचारलं.

“सामानाचे, सर.”

उजेड हलला. तो एका बारक्या कप्प्यावर येऊन थांबला.

“सामानाचे नाहीत ते,” ती म्हणाली. “आणि ही माणसं झोपलेली नाहीत, सर. गेलेली आहेत. हे कबरींचं माप आहे. माझे बाबा खणतात, मला कळतं. जिवंत माणसाला इतक्या खाली राहता येत नाही, दिवा लावला की धूर कोंडतो. आणि हे बारके... हे बाळांचे आहेत. हे माप खणावं लागतं ना, त्या दिवशी बाबा जेवत नाहीत.”

परीक्षकांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. आणि त्या दोन क्षणांत बाईंच्या चेहऱ्यावर मी काय काय पाहिलं! दोन महिन्यांची मेहनत, चाळीस पोरांची आशा, आपण या पोरांसमोर उघडे पडतो की काय याची भीती. भीती माणसाच्या जिभेवर बसली की जीभ आपली राहत नाही.

“तिचं मनावर घेऊ नका, सर,” बाई हसून म्हणाल्या. “तिच्या वडिलांचं काम तसलं. पोरीला जिथं तिथं खड्डेच दिसतात!”

वर्गप्रमुख फिस्कन हसला. मग बाकीचे हसले. मग परीक्षकही हसले, मोकळं हसले, सुटल्यासारखं. “उजेड दाखव गं बाळ,” ते म्हणाले. पण तिनं बॅटरी खाली केली होती. उजेड तिच्याच चपलांवर पडला होता, आणि माझ्या तिन्ही मजल्यांत अंधार झाला होता.

पहिला नंबर माझा आला. पितळी ढाल मिळाली. ती मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात गेली, आणि मी फुलांची माळ घालून इतिहासाच्या खोलीत परत आलो.

दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीचं नाव ‘फावडी’ पडलं. “ए फावडी, सरक.” “फावडीच्या शेजारी बसू नका रे, माप घेईल!” तिनं उलट उत्तर दिलं नाही. आधी ती हात वर करायची, तो खाली गेला तो गेलाच. वार्षिक परीक्षेत प्रश्न होता, सुरुवातीचे ख्रिस्ती लोक कुठं राहत व प्रार्थना करत? माझ्या शेजारच्याच टेबलावर बाई पेपर तपासत होत्या. तिचं उत्तर त्यांनी अर्धवट मोठ्यानं वाचलं. “घरी. एकमेकांच्या घरी जमत असतील. खाली त्यांची गेलेली माणसं असत.” बाईंनी लाल पेनानं त्यावर तिरकी रेघ ओढली आणि खाली लिहिलं: देखावा नीट पाहा.

मित्रांनो, त्या लाल शाईतलं साक्षीदाराचं नाव माझं होतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो, की अहो, मला नका पाहू, तिचं ऐका. पण लाकडाला करकरण्यापलीकडे काय येतं?

मग सुट्टी लागली. बाई शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिराला गेल्या आणि परत आल्या त्या काखेत एक जाड पुस्तक घेऊन. शाळा रिकामी होती. भर दुपारी त्या पहिल्या बाकावर, मुलांच्या जागी बसल्या आणि पानं उलटू लागल्या. उलटता उलटता हात मंदावला. पान माझ्याकडेच उघडं होतं, तेव्हा मलाही दिसलं.

तीच भुयारं होती, पण खरी, फोटोतली. तेच कप्पे. काहींच्या तोंडाशी फरशा बसवलेल्या, चुन्यानं लिंपलेल्या, त्यावर नावं कोरलेली. बाई ओठ हलवत वाचत होत्या. ही दफनभूमी होती. माणसं वर, शहरात राहायची, एकमेकांच्या घरी जमायची. खाली येत ती आपल्या गेलेल्यांना पोचवायला आणि त्यांची आठवण काढायला. त्या लोकांनी गोरगरिबांना, विधवांना, कुणी नसलेल्यांनाही मूठमाती दिली. साथी आल्या तेव्हा पुष्कळ जण पळाले, यांच्यातले कितीतरी आजाऱ्यांच्या उशाशी थांबले. त्यांची संख्या वाढत गेली त्याचं हेही एक कारण असावं, असं पुस्तक म्हणत होतं. बारके कप्पे फार होते, कारण तेव्हा लहान मुलं फार दगावायची.

पुढच्या पानावर एक चित्र होतं. भुयाराच्या भिंतीवर काढलेलं. एक माणूस उभा, खांद्यावर कुदळ, हातात दिवा. कबरी खणणारा. अशा माणसांना त्या समाजात मान होता, असं खाली लिहिलं होतं.

बाई उठल्या. माझ्यापाशी आल्या. एका बारक्या कप्प्यातलं कागदाचं बोचकं काढून त्यांनी तळहातावर घेतलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“अगं आई गं,” एवढंच म्हणाल्या.

मग कपाटातून एक जुना पडदा आणून त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं.

पुढच्या वर्षीपासून बाईंनी धडा बदलला. मला पडद्याआडून ऐकू यायचं. आता त्या सगळं बरोबर सांगत. घरं सांगत, मेज सांगत, मूठमाती सांगत. माझं नाव काढत नसत. पण जिला हे सांगायला हवं होतं ती आता आठवीत होती, आणि तिचा वर्ग याच ओसरीच्या टोकाला होता. रोज सकाळी ती आमच्या दारावरून जायची.

“अगं, जरा थांब,” बाई हाक मारायच्या.

“काय बाई?”

बाईंचा हात दाराच्या कडीवर. कडी एकदा वर, एकदा खाली. “काही नाही. वर्गात पळ. घंटा होईल.”

असं मी नववीतही ऐकलं, दहावीतही ऐकलं. काय करतील बिचाऱ्या! बोललं तर ढाल परत करावी लागेल. मुख्याध्यापक काय म्हणतील, पोरं काय म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय पोर आता विसरलीही असेल, जखमेवरची खपली कशाला काढा, अशीही एक समजूत माणूस स्वतःची घालतो. उद्या सांगू. निकालानंतर सांगू. निरोप समारंभाला नक्की सांगू. निरोप समारंभही झाला. मुलगी दाखला घेऊन गेली. पुढं सुतारकाका एकदा दार दुरुस्त करायला आले तेव्हा त्यांच्याकडून कळलं, मापारीण पुढं शिकली नाही, वडिलांच्या हाताखाली काम करते.

“डोकं होतं हो पोरीला,” काका म्हणाले. “इतिहास आवडायचा तिला. काय बिनसलं कोण जाणे.”

बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

वर्षं गेली. काका गेले. माझ्या अंगावर धुळीचा थर, पोटात उंदरांचा संसार. दोन पांघरुणं त्यांनी नेली. एकदा बाई भर शाळेच्या वेळात बाहेर गेल्या आणि तासाभरानं परत आल्या. चपलांना लाल माती होती. गणिताच्या बाईंनी विचारलं, “कुठं गं गेली होतीस?”

“ते कबरी खणणारे बाबा गेले म्हणे काल. म्हटलं, जाऊन यावं.”

“भेटलीस मुलीला?”

“नाही. फाटकापर्यंत गेले.”

फाटकापर्यंत. मित्रांनो, माणसाचं पुष्कळ आयुष्य फाटकापर्यंत जाऊन परत येण्यात जातं.

असा चोवीस वर्षं मी पडद्याआड होतो. बाईंचे केस पांढरे झाले, निवृत्तीला एक महिना राहिला, आणि त्यांची जागा घ्यायला नवे सर आले. कोवळे, उत्साही, हातात सतत काहीतरी उघडायची खुमखुमी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पडदा ओढला.

“अरे वा! कसलं भारी काम आहे!” ते वाकून पाहू लागले. आणि मग हसू लागले. “पण हे तर झोपलेत सगळे! मुलांनो, इकडे या. यात एक मोठी चूक आहे. कोण शोधतो बघू.”

पोरं मुंग्यांसारखी चिकटली. कुणी म्हणालं जिना चुकला, कुणी म्हणालं दिवे नाहीत. तेवढ्यात एक पोरगी पुढं घुसली. काटकुळी, मोठ्या आवाजाची. तिनं वीत टाकून कप्पा मोजला, आणि माझ्या जुन्या फळ्या शहारल्या.

“ह्या कबरी आहेत, सर. माझी आई खणते. ती सांगेल तुम्हाला बरोबर. बोलवू?”

दोघंतिघं फिदीफिदी हसले. सरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. “नक्की बोलव,” ते म्हणाले. “शुक्रवारी. आपण सगळे ऐकू.”

शुक्रवारी बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. वर्ग सरांच्या हवाली करायचा म्हणून त्या आठवड्यात त्या तशाच बसत. आई आली. पायांत बूट, धुऊन पुसूनही शिवणीत माती राहिलेली. कमरेला टेप. सदतीसेक वर्षांची बाई, पण दारात क्षणभर थांबली ती सातवीतल्या मुलीसारखी. तिनं मला पाहिलं. मग मागं पाहिलं.

“बाई, बऱ्या आहात ना?”

“हो,” बाई म्हणाल्या. आवाज खडूसारखा मोडला.

मग ती पोरांशी बोलू लागली. आधी अवघडली, मग सैलावली.

“काकू, भूत दिसतं का हो तुम्हाला?”

“दिसलं असतं तर त्याच्या हातात फावडं दिलं असतं रे! माझी कंबर तरी सुटली असती.”

वर्ग खळाळला. तिनं त्यांना माती कशी ओळखायची ते सांगितलं. कडा ढासळू नयेत म्हणून काय करतात ते सांगितलं. माझे बारके कप्पे बाळांचे, तेही सांगितलं. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला होता: मूठभर लोकांचे लाखो कसे झाले? पोरांनी पटापट उत्तरं दिली, रस्ते, पत्रं, सम्राट. सरांनी गमतीनं तिलाही विचारलं.

“मला इतिहास येत नाही, सर,” ती म्हणाली. “पण एक पाहिलंय. ज्याच्या घरचं माणूस गेलंय आणि हात लावायला कुणी नाही, त्याच्या दाराशी जो फावडं घेऊन उभा राहतो, त्याला ते घर जन्मभर विसरत नाही. मग तो कुठल्या देवाचं नाव घेतो, तेही ऐकावंसं वाटत असेल.”

सरांनी खडू खाली ठेवला. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक अगोचर पोरगा माझ्याकडे बोट करून ओरडला, “पण मग हे कुणी केलं? बाळांच्या जागी बोचकी! कसला वेडपटपणा!”

हशा पिकला. तोच हशा, चोवीस वर्षांनी. फक्त त्याचं तोंड आता दुसरीकडे होतं. मागच्या बाकावर बाई खाली मान घालून बसल्या होत्या.

मापारणीनं मागं वळून पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, “नावं ठेवू नका रे. तेव्हाच्या पुस्तकांतच तसं होतं. पुस्तकात असेल तेच शिकवणार ना कुणीही.”

मित्रांनो, इथं मी तुमच्याकडे थोडं मागतो. मला पुसा, रंग द्या, उंदरांपासून वाचवा असं मी म्हणणार नाही. माझं व्हायचं ते होईल. लाकूड कुजलं तर फळी बदलता येते. पण एखादं पोर खरं बोललं आणि ते हसण्यावारी गेलं, तर तिथं जे पोकळ होतं ते बाहेरून दिसतही नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातून असं होईल, कारण सगळ्यांच्याच हातून होतं. तेव्हा उद्यावर टाकू नका. चूक कबूल करायला लागतो तो एक श्वास. तो आत धरून ठेवला की किती जड होतो, हे मी चोवीस वर्षं शेजारी उभं राहून पाहिलंय.

बाक सरकल्याचा आवाज झाला. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

“पुस्तकात नव्हतं,” त्या म्हणाल्या. “हे मी करून घेतलं. वेडपटपणा माझा. आणि तुमच्या या काकू सातवीत होत्या तेव्हा त्यांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की ह्या कबरी आहेत. मी त्यांच्या वडिलांच्या कामावर विनोद केला. सगळे हसले. मला पहिला नंबर मिळाला.”

मोठ्या आवाजाची ती पोरगी एकदा आईकडे, एकदा बाईंकडे पाहत होती.

“जाऊ द्या हो बाई,” मापारीण घाईनं म्हणाली. तिचा हात कमरेच्या टेपशी चाळा करत होता. “किती वर्षं झाली. तुम्हाला तरी तेव्हा कुठं ठाऊक होतं?”

बाई बाकांच्या मधून चालत पुढं आल्या. तिच्यासमोर येऊन थांबल्या.

“ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “त्याच सुट्टीत कळलं मला. पुस्तकात सगळं होतं. कुदळ खांद्यावर घेतलेला माणूससुद्धा होता, भिंतीवर मानानं रंगवलेला. ते पान तुझ्या बाबांना दाखवायला हवं होतं. तू अजून तीन वर्षं या दारावरून जात होतीस, बाळ, मी रोज तुला हाक मारत होते, आणि रोज मला ठाऊक होतं की खरं तू बोलली होतीस.”